शेवंतीचा डूख

शेवंती परबचा डूख म्हणजे नागिणीचा डूख, असं कांदिवलीतल्या पोयसरच्या त्या वस्तीत सगळेच म्हणत. तिच्या कानावर ते गेलं तरी ती मनावर घेत नसे, कारण ते खरंच होतं. गावाकडच्या जावेचा किस्सा तर सगळ्यांना तोंडपाठ. शेवंती नवी सून असताना गावी चतुर्थीला गेली होती. ती पाट्यावर वाटायला बसली तेव्हा भरल्या पडवीत जाऊ म्हणाली होती, "ऱ्हवांदे गो. मुंबैच्या मानसांक खोबरा वाटूक खय येता!" बायका खदखदून हसल्या. शेवंतीने खोबरं वाटून पुरं केलं. वर्षं लोटली. तीच जाऊ मुलाच्या नोकरीच्या खटपटीसाठी मुंबईत शेवंतीकडे पंधरवडाभर राहायला आली. फळीवर मिक्सर होता, चांगला चालणारा. शेवंतीने त्यावर फडकं टाकलं, शेजारणीकडून पाटा-वरवंटा मागून आणला आणि रोज सकाळी जावेपुढे नारळ फोडून ठेवला. "वाट गो. मुंबैच्या मानसांक खय येता!" पंधरा दिवस जाऊ वाटत होती, आणि पंधरा दिवस शेवंती तिच्याशी अगदी गोड बोलत होती.

तिचा नवरा जयवंत म्हणायचा, "तुझ्या डोक्यात माळा आहे गं. जुनं काहीच टाकत नाहीस."

जयवंत स्वतः दुसऱ्या टोकाचा. त्याचा बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा लालबागची खोली विकून सगळं कुटुंब कांदिवलीला आलं. जयवंत लिफ्टदुरुस्ती शिकला आणि एका कंत्राटदाराकडे लागला. कुणी शिवी दिली तरी हा हसणार. संध्याकाळी घरी आला की हात रॉकेलने पुसून श्वेताला, एकुलत्या एका लेकीला, मांडीवर घेऊन बसणार. शेवंती घरगुती डबे करायची. मुंबईत राहून तिची भाषा शहरी झाली होती, पण राग आला की मालवणी आपोआप वर येई. जयवंत मालवणी ऐकली की लगेच सावध होई.

श्वेता सहावीत असताना घाटकोपरच्या एका टॉवरमध्ये जयवंत लिफ्टच्या खड्ड्यात उतरला. मेन स्विच बंद करायला हवा होता. रहिवाशांचा खोळंबा नको म्हणून कंत्राटदाराने चालूच ठेवायला सांगितला. वरून लिफ्ट आली.

हॉस्पिटलच्या दाराशी शेवंतीने जो टाहो फोडला तो तिला स्वतःला नंतर आठवत नव्हता. एवढंच आठवायचं, की खाली फरशी गार होती आणि कुणीतरी तिला धरून ठेवलं होतं. कंत्राटदाराने त्याच दिवशी पोलिसांना सांगून टाकलं, की माणूस पिऊन कामावर आला होता.

तेव्हा 'हक्कसोबत'ची माणसं हॉस्पिटलच्या दाराशीच येऊन उभी होती. बोरिवलीची संस्था. कंत्राटी कामगारांचे अपघात, कोठडीतली मारहाण, घरकामाच्या बायकांवरचे चोरीचे आळ, असल्या भानगडींत जिथे गरिबाच्या बाजूने कुणी उभं राहत नाही तिथे ही माणसं उभी राहत. संस्था शर्मिष्ठा कर्णिक यांची. उंच बाई, हातमागाची साडी, मानेवर घट्ट अंबाडा. आवाज कधी चढायचा नाही आणि पडायचाही नाही. त्यांनी वकील दिला, टॉवरच्या रखवालदाराला साक्षीला उभा केला, तारखांमागून तारखांना स्वतः हजर राहिल्या आणि जयवंत दारूच्या थेंबालाही शिवत नव्हता हे कोर्टात सिद्ध केलं. कंत्राटदाराला शिक्षा झाली, भरपाई मिळाली. पण शेवंतीच्या लेखी भरपाईपेक्षा ते पहिलं मोठं. नवरा मेला तो मेला, त्याच्या नावाला लागलेली दारू या बाईने धुतली. तेवढ्यासाठी ती शर्मिष्ठाताईंच्या पायाचं तीर्थ घ्यायला तयार होती. उपकार लक्षात ठेवण्यातही ती तितकीच पक्की होती.

आणि मग एके दिवशी तिने स्वतःला बसथांब्यावर पाहिलं.

भाजी घेऊन येताना तिची नजर गेली. पुरुषभर उंच बॅनर. त्यावर एक बाई फरशीवर बसलेली, केस सुटलेले, पदर खांद्यावरून घसरून कमरेत गोळा झालेला, आणि तोंड असं उघडं की आतली पडजीभ दिसावी. डोळे मिटलेले. नाकातून पाणी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'माणूस गेला. उरलं ते हे. हिच्यासोबत उभे राहा.' त्याखाली संस्थेचं नाव.

आपण रडताना अशा दिसतो हे माणसाला ठाऊक नसतं. शेवंतीला आधी ती दुसरीच कुणी वाटली. मग तिने ब्लाउजची ठिगळाची बाही ओळखली. आणि मग दिसलं, की कुणीतरी येता-जाता त्या उघड्या तोंडात नेम धरून पान थुंकलं होतं. लाल ओघळ हनुवटीवरून गळ्यापर्यंत आला होता.

थांब्यावर माणसं उभी होती. कुणीही तिला ओळखलं नाही. शेवंतीने पिशवी खाली ठेवली, पदराचं टोक घेतलं आणि स्वतःचं तोंड पुसलं. सुकलेला डाग निघेना, तेव्हा पदर ओला करायला तिने स्वतःची थुंकी वापरली.

ती तशीच बोरिवलीला गेली.

"तो फोटो काढून टाका ताई," ती म्हणाली. "बरं दिसत नाही."

शर्मिष्ठाताईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "शेवंतीताई, तुम्हाला विचारूनच घेतला होता ना? तुम्ही हो म्हणाला होतात."

"त्या दिवशी मला कोणी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं."

"मला समजतं. पण असं बघा, या फोटोमुळे लोक थांबतात. विचारतात. तुमच्यासारख्या किती जणींपर्यंत आम्ही पोहोचलो या फोटोमुळे. हा फोटो आता तुमचा एकटीचा राहिला नाही. हजारो बायकांचं दुःख त्यातून बोलतं."

समोर बसलेल्या बाईचे उपकार होते. शेवंती पाणी पिऊन परत आली.

फोटो मात्र थांबला नाही. तो कॅलेंडरवर आला. परदेशातल्या कुठल्याशा प्रदर्शनात गेला, तिथे त्याला बक्षीस मिळालं. संस्थेच्या दारावर तर त्याचं कायमचंच बॅनर लागलं. श्वेताच्या शाळेत पोरं तोंड वासून, डोळे मिटून तिची नक्कल करू लागली. श्वेताने घरी येऊन कधी सांगितलं नाही. शेजारच्या पोरीने सांगितलं. शेवंतीने गिळलं. दरवर्षी वाटायचं, आता जुना झाला, आता काढतील.

श्वेता कॉलेजात गेली तेव्हाची गोष्ट. एके दिवशी ती घरी आली आणि दप्तर न काढताच पलंगावर बसली.

"आई, आज वर्गात तुझ्यावर शिकवलं."

"माझ्यावर काय?"

"समाजशास्त्राच्या तासाला. मॅडमने भिंतीवर तुझा फोटो लावला. म्हणाल्या, या चित्रात तुम्हाला काय काय दिसतं, सांगा." श्वेता नखं खात होती. "कोण म्हणालं लाचारी. कोण म्हणालं निरक्षरता. एक मुलगी म्हणाली, हिला चार-पाच तरी पोरं असणार."

"मगे?"

"मग काय? मॅडम म्हणाल्या, गुड."

"आणि तू?"

"मी म्हटलं काहीच नाही. मी काय म्हणणार होते?"

शेवंती दहावी झालेली होती, बऱ्या मार्कांनी. तिला एकच पोर. हिशेब तोंडी करायची आणि तिच्या डब्यासाठी कांदिवलीतली ऑफिसं महिनोन्‌महिने थांबून राहत. त्यातलं काहीच त्या भिंतीवर नव्हतं.

ती पुन्हा बोरिवलीला गेली. या वेळी तिने स्पष्ट सांगितलं, की लेकीला त्रास होतो, फोटो काढा. शर्मिष्ठाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, श्वेताला समुपदेशन देऊ केलं, आणि फोटोचं म्हणाल्या, "कार्यकारिणीपुढे ठेवते." त्याच वेळी फोटोवाला मुलगा मागच्या कार्यक्रमाचे फोटो दाखवायला आला. शर्मिष्ठाताई स्क्रीनवर बघत बोलू लागल्या. "हा नको, माझे डोळे मिटलेत. हा नको, अंबाडा सुटल्यासारखा दिसतोय. हा पण नको रे, तोंड कसं उघडं आलंय बघ." मुलगा एकेक फोटो उडवत गेला.

शेवंती बघत राहिली. 'हा नको' म्हणायला या बाईला एक क्षण लागत होता. ती स्वतः वर्षानुवर्षं तेच म्हणत होती.

तिथेच, त्या खुर्चीत, ती मनाने उलटली. बाहेर पडताना रेवती नावाची कार्यकर्ती कुरकुरत होती, की शिबिरांना जेवण करणारा माणूस सोडून गेला. शेवंती थांबली आणि हसून म्हणाली, "मी करीन की."

घरी येऊन तिने देवापुढे नारळ ठेवला आणि गावाच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, व्हय म्हाराजा! तिचा वायट होवचा म्हणान मी मागनंय नाय. तिचा घर-दार सुखी ऱ्हवांदे. पण जसा माजा तोंड चार लोकांत उघडा पडला, तसा एकदा तिचा पडांदे. आणि ता माज्या डोळ्यांनी माका बघूक मिळांदे. व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्यात व्हय म्हाराजा जमलेल्यांनी म्हणायचं असतं; दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिने स्वतःच म्हटलं.

मग ती वाट बघू लागली.

हक्कसोबतच्या स्वयंपाकघरात तिची चूल मांडली गेली. शिबिरं, सभा, बैठका, सगळीकडे शेवंतीचं जेवण. "शेवंतीताई आता आमच्यातल्याच झाल्या," शर्मिष्ठाताई पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे तिच्याकडे बघत, मग दारावरच्या बॅनरकडे बघत. शेवंती वाढत राही. फोन कमरेला खोचलेला असे. पण ही बाई फुटतच नव्हती. एका कार्यकर्त्याला पोलिसांनी मारलं तेव्हा सगळी संस्था रडली, हिचा अंबाडा हलला नाही. स्वतःची आई वारली तेव्हा तिसऱ्या दिवशी कामावर, डोळे कोरडे. शेवंतीच्या मनात एकीकडे मान वाटे आणि दुसरीकडे दात शिवशिवत.

त्या सगळ्यांत एकच माणूस तिला मनापासून आवडत असे, तो म्हणजे शर्मिष्ठाताईंचा नवरा, नंदकुमार. बँकेतून निवृत्त झालेला, ढेरपोट्या, बोलघेवडा. कार्यक्रम सुरू झाला की हा भाषणातून सटकून स्वयंपाकघरात येई. "शेवंतीबाई, आत न्यायहक्क चाललाय, मला भूक लागलीय." मग उभ्याउभ्या सोलकढीचे दोन पेले. एकदा पेला ठेवताना म्हणाला होता, "तुमचा तो फोटो मला नाही आवडत. तुम्ही तशा नाहीच आहात. मी सांगितलं शर्मिष्ठाला. ऐकत नाही ती." शेवंतीने त्याला तिसरा पेला दिला.

संस्थेचा वर्धापनदिन होता. बोरिवलीचा एक हॉल, पुढच्या रांगेत मोठी माणसं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत नंदकुमार जिन्यावरून खाली येत होता, आणि मधल्या पायरीवर बसला. बसला तो कलंडला. कुणीतरी ओरडलं. शर्मिष्ठाताई हॉलमधून धावत आल्या. चप्पल वाटेतच राहिली. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि वर बघून टाहो फोडला. "कोणीतरी या! अरे कोणीतरी डॉक्टर बोलवा!" अंबाडा सुटून केस तोंडावर आले होते. चष्मा एका कानाला लोंबत होता. पदर खाली, पायरीवर. तोंड उघडं.

शेवंती जिन्याच्या तोंडाशी डाव हातात घेऊन उभी होती. डॉक्टरला दोघं-तिघं धावले होते. पाणी आणायला एक धावली होती. तिच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं तिने नंतर स्वतःला अनेकदा सांगितलं. तिने डाव कठड्यावर ठेवला, कमरेचा फोन काढला आणि फोटो घेतला. कुणाचं लक्षही गेलं नाही.

नंदकुमार हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत गेला होता.

घरी आल्यावर शेवंती देवापुढे बसली. आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. "मी तिचा तोंड मागललंय रे देवा," ती म्हणाली. "तिचो घोव मागूक नाय." गाऱ्हाण्याच्या वेळी ठेवलेल्या नारळाकडे तिने बघितलं नाही. दुसऱ्याच दिवशी ती कर्णिकांच्या घरी गेली आणि तेरा दिवस आल्या-गेल्याचा स्वयंपाक केला, कुणी बोलावलं नसताना. शर्मिष्ठाताई पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या होत्या. कोरडे डोळे, घट्ट केस, सपाट आवाज. भेटायला येणाऱ्यांना त्या नंदकुमारचा एक जुना, हसरा, नीटनेटका फोटो दाखवत. हार घालायला तोच निवडला होता. बाकीचे नको म्हणाल्या.

ते 'नको' शेवंतीने पाणी भरताना ऐकलं आणि तिच्या मनातली उरलीसुरली चलबिचल संपली. माणूस मेल्याचं दुःख वेगळं आणि हिशेब वेगळा, असं तिने ठरवून टाकलं.

तेरावं झाल्यावर ती कांदिवलीत सुशांतच्या दुकानात गेली. सुशांत वाढदिवसाचे, निवडणुकीचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स छापायचा. त्याने फोटो बघून च्‌च्‌ केलं. "काकी, खाली भावपूर्ण श्रद्धांजली टाकू?"

"नको. खालची बाजू कापून टाक. मांडीवरचा माणूस दिसायला नको. बाईच तेवढी ठेव." आणि तिने मजकूर सांगितला. सुशांत टाइप करता करता थांबला.

"काकी, हे तर तुमच्या त्या..."

"तूच छापलंलंस ना माजा? मग ह्या पण छाप. तेवढ्याच उंचीचा."

शर्मिष्ठाताई ज्या सकाळी पहिल्यांदा कामावर येणार होत्या, त्या सकाळी हक्कसोबतच्या दारावर दोन बॅनर होते. डावीकडे शेवंती, उजवीकडे शर्मिष्ठा. दोन्हींची तोंडं उघडी. दोन्हींखाली : 'माणूस गेला. उरलं ते हे. हिच्यासोबत उभे राहा.' शेवंती मधे पायरीवर बसून राहिली होती.

रेवती आधी आली. "मावशी! हे काय आहे? वेड लागलंय का तुम्हाला? काढा, काढा आधी, ताई येतील आत्ता!"

"येऊ दे. तिच्यासाठीच लावलंय."

रेवती दोरी सोडवायला लागली तेवढ्यात रिक्षा थांबली. शर्मिष्ठाताई उतरल्या, पैसे दिले, वळल्या आणि थबकल्या. त्यांचा हात आधी अंबाड्याकडे गेला, जसे काही केस आत्ताच सुटले असावेत. रस्त्यावरचा फुलवाला बघत होता. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली होती.

"काढ ते," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी शेवंतीला कधी अगं-तुगं केलं नव्हतं.

"कित्या?" शेवंती उठली. आणि मग तिने शुद्ध, सावकाश, शर्मिष्ठाताईंच्याच आवाजात सांगितलं, "ताई, हा फोटो आता तुमचा एकटीचा राहिला नाही. हजारो बायकांचं दुःख त्यातून बोलतं."

शर्मिष्ठाताईंनी तिच्या कानफटात मारली.

आवाज रस्त्यापलीकडे गेला. रेवतीने तोंडावर हात घेतला. आयुष्यभर मारहाणीविरुद्ध लढलेली बाई स्वतःच्या तळहाताकडे बघत उभी राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. शेवंतीचा गाल पेटला होता, आणि आत, जिथे इतकी वर्षं निखारा होता, तिथे गार वाटत होतं. ती हसली. ते हसणं तिथे असलेल्यांपैकी कुणीही नंतर विसरलं नाही.

शर्मिष्ठाताई आत गेल्या, स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आल्या आणि स्वतः स्टुलावर चढून दोऱ्या कापल्या. आधी उजवीकडच्या. मग थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग डावीकडच्याही.

महिन्याभरात शेवंतीचा फोटो सगळीकडून गेला. कॅलेंडरवरून, वेबसाइटवरून, बसथांब्यांवरून. माफी कुणी मागितली नाही. शेवंतीचं मत असं, की पश्चात्तापाने नव्हे, एक बघितला की दुसरा आठवतो म्हणून काढला. रेवती पोलिसांत तक्रार द्यायला निघाली होती. शर्मिष्ठाताई म्हणाल्या, "द्यायची तर दोन द्याव्या लागतील." विषय तिथेच मिटला. संस्थेतली चूल अर्थातच सुटली.

खरा फटका घरात बसला. श्वेता तेव्हा बोरिवलीच्या एका लॅबमध्ये कामाला लागली होती, तिला सगळं बाहेरून कळलं.

"कर्णिककाकांनी तुझं काय केलं होतं, आई?"

"काय नाय."

"तेरा दिवस त्यांच्या घरात रांधलंस. रोज त्यांच्या फोटोसमोर ताट ठेवलंस. आणि हा फोटो तुझ्या कमरेला होता?"

"व्हता."

"वर्गात त्या पोरी बोलल्या तेव्हा मी गप्प बसले, पण मनातून तुझ्या बाजूची होते," श्वेता म्हणाली. "आज नाही." आणि तिने बरेच दिवस अबोला धरला. डूख धरण्यात तीही आईचीच लेक निघाली.

शेवंतीने ते सोसलं. रात्री झोप बरी लागत होती. पश्चात्ताप होतो का, असं शेजारणीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तिका इचार."

पुढे एका दुपारी दार वाजलं. बाहेर शर्मिष्ठा कर्णिक. तीन जिने चढून धापा टाकत होत्या. शेवंतीने दारातच कमरेवर हात ठेवला. फोटो पुसून टाका म्हणायला आली असणार. उत्तर तयार होतं.

"तो फोटो अजून आहे तुमच्याकडे?"

"आसा. आणि मी पुसूचंय नाय."

"पुसू नका," शर्मिष्ठाताई घाईने म्हणाल्या. मग कठड्याला धरून थांबल्या. "बॅनरवर खालचा भाग कापलेला होता. मूळ फोटोत... नंदू आहे?"

शेवंतीचा कमरेवरचा हात खाली आला. तिने बाजूला होऊन वाट दिली.

पलंगावर दोघी शेजारी बसल्या. शेवंतीने फोटो काढला, पण फोन हातात दिला नाही. आपल्याच हातात धरून दाखवला. जिन्याची पायरी, मांडी, मांडीवर नंदकुमारचं डोकं. डोळे उघडे. बायकोच्या तोंडाकडे तो खालून बघत होता आणि ओठ किंचित विलग झाले होते.

शर्मिष्ठाताई स्क्रीनच्या अगदी जवळ वाकल्या. "माझ्याकडे बघतोय तो," त्या म्हणाल्या. "मी वर बघून ओरडत होते. डॉक्टर, डॉक्टर. मी त्याच्याकडे बघितलंच नाही हो."

शेवंतीला काहीतरी बोलावंसं वाटलं. बोलली ते असं : "माज्या फोटोत माजो घोव नव्हतोच. तुमच्यात तुमचो आसा. नशीब समजा."

शर्मिष्ठाताईंनी मान हलवली. त्या मान हलवण्यात काय होतं ते शेवंतीला कळलं नाही. कबुली असेल किंवा नुसता थकवा. मग त्या म्हणाल्या, "मला पाठवाल?"

"नाय."

जीभच आधी बोलली. आणि बोलल्यावर शेवंतीने ते मागे घेतलं नाही. "बघूचो तर हयसर येवा," ती म्हणाली आणि उठून चहा टाकला.

तेव्हापासून शर्मिष्ठा कर्णिक येतात. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. तीन जिने चढतात, पलंगावर बसतात. शेवंती फोन धरते, त्या बघतात. चहा पितात. फोटोबद्दल, बॅनरबद्दल, त्या थपडेबद्दल एक शब्द नाही. फार तर नंदकुमारला सोलकढी किती लागायची, जयवंतला कुठला मासा आवडायचा, एवढंच. मग उठून जातात.

श्वेता आता पुन्हा बोलते. "पाठवून दे ना गं आई. किती छळशील त्यांना?"

"येऊ दे," शेवंती म्हणते. "जिने चढू दे. मी बोरिवलीला कितीदा गेले होते?"

परवा मात्र नेहमीची वेळ टळून गेली तरी त्या आल्या नाहीत. शेवंतीने चहाचं आधण ठेवलं, उतरवलं, परत ठेवलं. गॅलरीत जाऊन रस्त्यावरच्या रिक्षा बघून आली. "मेली, येवक नाय आज," ती रागारागाने म्हणाली आणि फोन चार्जिंगला लावून ठेवला.